नर-मादीचा फोटो काढायचा, पण वाफशाच्या आत



दर पावसाळ्यात आपल्या गावातल्या पोरांच्या मोबाइलवर एक फोटो फिरत येतो. काळ्याभोर दगडी भिंतीवरून पांढरे पाणी दोन धारांनी कोसळते आहे आणि समोर उभी माणसे मुंग्यांएवढी दिसताहेत. हा नळदुर्गच्या किल्ल्यातला नर-मादी धबधबा. सोलापूरहून हैदराबाद रस्त्याने बोरामणी, तांदुळवाडी, इटकळ, अणदूर करत गेले की सुमारे ४५ किलोमीटरवर नळदुर्ग. जिल्हा धाराशिव, तालुका तुळजापूर, पण बाजार, दवाखाना आणि सोयरीक सोलापूरशीच. त्यामुळे आपण त्याला आपलाच समजतो.

फोटो बघितला की पारावर ठरते, "या रविवारी जाऊ." रविवारी जीप भरून मंडळी जातात आणि कोरडी भिंत बघून, शेंगा खाऊन परत येतात. मीही असा परत आलो आहे. एकदा नाही, दोनदा. म्हणून हे चार शब्द. शेती खात्यातल्या माणसाने धबधब्यावर कशाला लिहावे, असे कोणी म्हणेल. पण पुढे वाचा. हा विषय आपल्या शिवारातलाच आहे, फक्त कपडे सहलीचे घालून आला आहे.

पहिल्यांदा गेलो तो आषाढात. मित्राचा कॅमेरा उसना, तीन पायांचे स्टँड उसने, बायको-मुले बरोबर. जुलै म्हणजे पावसाळा, पावसाळा म्हणजे धबधबा, एवढाच माझा हिशेब. कोकणात तो बरोबर ठरतो. आपल्याकडे नाही. किल्ल्यात पोचलो तर भिंतीवर वाळलेले शेवाळ आणि खाली डबक्यात बगळे. तिथला एक म्हातारा माणूस म्हणाला, "साहेब, पाणी बघायला आलात ना? मग पाण्याबरोबर यायचं." मला राग आला होता. आता वाटते, डिप्लोमाच्या पुस्तकात नसलेली गोष्ट त्याने एका वाक्यात सांगितली.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. हा धबधबा डोंगरकड्यावरून पडणारा नव्हे, तो माणसाने बांधलेला आहे. बोरी नदी किल्ल्याच्या पोटातून जाते. नळदुर्ग आणि शेजारचा रणमंडळ यांच्यामध्ये नदीवर दगडी धरण घातलेले आहे आणि त्या धरणाच्या पोटात पाणीमहाल आहे. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातले, इ. स. १६१३ चे हे काम. धरण भरले की जादा पाणी दोन ठिकाणांहून खाली सोडायची सोय त्या कारागिरांनी ठेवली. त्या दोन वाटा म्हणजे नर आणि मादी. आपल्या भाषेत बोलायचे तर हे दोन सांडवे आहेत. चारशे वर्षांपूर्वीचे सांडवे बघायला आपण आज तिकीट काढून जातो!

तेव्हा सांडवा कधी वाहतो? तळे भरल्यावर. आणि हल्लीच्या काळात त्यात आणखी एक पायरी आली आहे. नळदुर्गच्या वरच्या अंगाला बोरीवर मध्यम प्रकल्पाचे मोठे धरण आहे. नळदुर्ग, अणदूर, तुळजापूर या गावांना पिण्याचे पाणी तिथून जाते. पाऊस पडला की नदीचे पाणी आधी तिथे अडते. ते धरण शंभर टक्के भरून ओसंडले, की मग ते पाणी किल्ल्यात येते आणि नर-मादी सुरू होतात. धरण ऐंशी टक्क्यांवर आले म्हणून धबधबा ऐंशी टक्के वाहत नाही. तो शून्य टक्के वाहतो.

दुसऱ्यांदा मी चुकलो ते इथेच. सप्टेंबर होता. माझ्या गावात रात्रभर असा पाऊस झाला की ओढ्याने पायवाट मोडली. सकाळी मोटारसायकल काढली आणि थेट नळदुर्ग. तिथे रस्त्यावर धूळ! पाऊस दक्षिण सोलापुरात झाला होता, आणि बोरीचे पाणी येते तुळजापूर तालुक्याच्या माळावरून. आपल्या दारात पाऊस पडला म्हणून शेजाऱ्याची विहीर भरत नाही, हे मी गावोगाव सांगत फिरतो आणि स्वतः तेच विसरलो. तेव्हा फोटोची सहल ठरवणाऱ्याने आकाशाकडे बघायचे नाही. वरच्या भागातल्या महसूल मंडळांचा पावसाचा आकडा बघायचा. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की सरकारी भाषेत अतिवृष्टी. धरण भरत आलेले असताना वरच्या भागात असा एखादा पाऊस झाला, की मग पिशवी भरायला घ्यावी. धरणाची टक्केवारी पेपरात येते, नाही तर नळदुर्गला कोणी पाहुणा असेल त्याला फोन करावा. पाहुण्यासारखी खात्रीची बातमी दुसरी नाही.

आता महिना कोणता? सोलापूर जिल्ह्यात वर्षाला साधारण साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस. त्यातला मोठा वाटा सप्टेंबरचा, आणि परतीचा पाऊस चांगला झाला तर ऑक्टोबरचा. मधे जुलै-ऑगस्टला ताण पडतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. शेजारच्या तुळजापूर भागाची तऱ्हाही फार वेगळी नाही. म्हणजे नर-मादी वाहायचा खरा मोसम सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत.

आणि नेमके ह्याच दिवसांत आपली रब्बी ज्वारीची पेरणी! १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर ही शिफारस आहे. मोहोळला निवडलेल्या मालदांडीपासून आजच्या फुले वसुधा, फुले सुचित्रापर्यंत सगळ्या वाणांची वेळ तीच. पेरणी सोडून धबधबा बघायला गेला तर घरची माणसे कुळवाने मारतील.

पण बंधूंनो, यातच वाट आहे. मोठा पाऊस झाल्यावर आपल्या भारी काळ्या रानात किती दिवस पाय घालता येत नाही? सहा, आठ, कधी दहा दिवस. बैल रुततो, ट्रॅक्टर बसतो, तिफणीचे फण चिखलाने भरतात. ज्या पावसाने रान वाफशाबाहेर जाते, तो वर माळावरही झाला असेल तर त्याच पावसाने बोरी धरण ओसंडते. वाफसा यायच्या आतले ते दिवस म्हणजेच नर-मादीचे दिवस. तुम्ही घरी बसून चिखल बघणार, त्याच दिवसांत तिथे पाणी कोसळत असते. एक दिवस मोकळा करायला हरकत नाही. फक्त बियाणे आधी घरात येऊन पडलेले असावे, किलोला ४ ग्रॅम गंधक चोळायची तयारी असावी, तिफण दुरुस्त करून गोठ्याला टेकलेली असावी. मग खुशाल जा.

ऑक्टोबर २०२२ मध्ये परतीच्या पावसाने रब्बीची पेरणी अडवून धरली होती, तेव्हा हा हिशेब मी पहिल्यांदा जमवला. अक्कलकोट तालुक्यातल्या बोरीकाठच्या एका गावातले अकरा शेतकरी तयार झाले. त्याला मी मुद्दाम सहल न म्हणता अभ्यास दौरा म्हटले. का, ते पुढे येईल. गाडीभाडे प्रत्येकी वाटून. भाकरी, शेंगाची चटणी घरची.

एक अण्णा मात्र येईनात. वय सत्तरीच्या पुढे, बोलण्यात कानडी हेल, नदीकाठी साडेतीन एकर. १४ ऑक्टोबर २०२० चा पाऊस तुम्हाला आठवत असेल. आंध्र-तेलंगणाकडून आलेल्या वादळाने एका दिवसात सोलापूर-धाराशिवला झोडपले, भीमा, सीना, बोरी एकदमच फुगल्या, आणि अक्कलकोट तालुक्यात बोरीकाठच्या रानांवरून पाणी गेले. अण्णांची उभी तूर गेली, पाइप गेले, आणि नदीकडच्या पट्ट्यातली वरची मातीच गेली. खाली मुरूम उघडा पडला. ते मला म्हणाले, "साहेब, जे पाणी माझं रान घेऊन गेलं त्याचा फोटो काढाया जाऊ व्हय? माझ्या बांधाचा काढा की फोटो." मी गप्प बसलो. काय बोलणार? नळदुर्गला भिंतीवरून पडताना जे पाणी सगळ्यांना छान वाटते, तेच पुढे वाहत अक्कलकोट तालुक्यात येते, कुरनूर धरणात हरणा नदीसह साठते, आणि त्याच्याही आवाक्याबाहेर गेले की काठाच्या माणसाच्या उंबऱ्याशी येते.

निघायच्या सकाळी मात्र अण्णा पांढरी टोपी घालून एसटी स्टँडपाशी आमच्या जीपच्या आधी येऊन उभे होते. का आले, मी विचारले नाही.

फोटो कसा काढावा याबद्दल थोडे सांगतो, कारण विषय तोच आहे. ढगाळ दिवस वाईट समजू नका, उलट धबधब्याला तोच चांगला. कडक उन्हात पांढरे पाणी आणि काळा दगड एका फोटोत मावत नाहीत. कॅमेरा काळ्या भिंतीच्या हिशेबाने उजेड धरतो आणि पाणी नुसते चुन्यासारखे पांढरे होऊन जाते, धारा दिसत नाहीत. मोबाइल असेल तर पडद्यावर पाण्यावरच बोट ठेवा आणि उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. कॅमेरा असेल तर दोन तऱ्हा. सेकंदाच्या पाचशेव्या भागात काढला तर थेंब न् थेंब गोठलेला दिसतो, आणि अर्धा-एक सेकंद भिंग उघडे ठेवले तर पाणी दुधाच्या धारेसारखे दिसते. दुसऱ्या तऱ्हेला स्टँड हवे, हातात धरून जमत नाही. स्टँड नसेल तर तटाच्या दगडावर घडी केलेला टॉवेल ठेवून त्यावर कॅमेरा टेकवा, मी तेच केले. तुषार उडून भिंग ओले होते, म्हणून धोतराचा मऊ जुना तुकडा खिशात असू द्या. आणि भिंतीचा आकार कळावा म्हणून फोटोत एखादा माणूस घ्या. नुसते पाणी घेतले तर ते दहा फुटांवरून पडते की पन्नास, हे बघणाऱ्याला कळत नाही.

माणूस घ्या म्हणालो, पण सुरक्षित जागी उभा केलेला. धारेखाली, शेवाळलेल्या कडेवर, कठडा नाही तिथे कोणाला उभे करू नका. आपल्या पोरांना तिथे पाठ करून मोबाइल उंच धरायची फार खोड असते. पाण्याचा जोर मोठा असेल तर पाणीमहालात सोडतीलच असेही नाही. सोडले नाही तर वाद घालू नये, पलीकडून बघावे.

आम्हाला त्या दिवशी सोडले. जिन्याने खाली उतरून पाणीमहालात गेलो. बंधूंनो, ही जागा फोटोत येत नाही. धरणाच्या भिंतीच्या आत आपण कोरडे उभे असतो आणि खिडकीसमोरून नदी खाली पडत असते. बोललेले ऐकू येत नाही. आमच्यातला एक जण कानाशी ओरडला, "आन हे गळत कसं न्हाई?" आणि हा खरा प्रश्न होता. ह्याच प्रश्नासाठी मी त्यांना तिथे नेले होते.

आपल्या गावांतले मातीचे नालाबांध का फुटतात? बहुतेक वेळा सांडव्यामुळे. सांडवा अरुंद ठेवलेला असतो, नाही तर त्याच्या तोंडाशी कोणी बाभळी-काट्याची झुडपे वाढू दिलेली असतात, नाही तर शेजारच्याने चार तास जास्त पाणी मिळावे म्हणून माती टाकून तो उंच केलेला असतो. मग मोठ्या पावसात पाणी सांडव्याने न जाता बांधाच्या माथ्यावरून जाते. मातीच्या बांधावरून पाणी एकदा उलटले की तो वाचत नाही, अर्ध्या तासात मधे खिंड पडते. सांडवा कडेला, घट्ट मुरमात किंवा खडकात, वरच्या पाणलोटाच्या हिशेबाने रुंद हवा. सिमेंटचा नाला बांध असेल तर त्याच्यावरून पाणी जाणारच, पण ते जिथे पडते तिथली जमीन उकरू नये म्हणून खाली दगडाचे पिचिंग हवे. ते वाहून गेले की दुसऱ्या वर्षी बांधाचा पाया उघडा पडतो. नळदुर्गला जादा पाण्याला दोन ठरलेल्या वाटा आहेत. वरून पाणी कितीही आले तरी ते कुठून जाणार हे बांधणाऱ्याने आधीच ठरवले होते. एवढ्याने भिंत चारशे वर्षे टिकली असे मी म्हणणार नाही, दगडकामही तसेच पक्के आहे. पण सांडवे नसते तर दगडकामाचाही निकाल लागला असता.

ग्रामपंचायतीच्या मंडळींनी ह्या कामासाठी फोटो जरूर काढावेत. आपल्या बांधाचे उन्हाळ्यात, कोरडे असताना, आणि पुन्हा पूर आल्यावर, त्याच जागेवरून. सांडव्याच्या तोंडाचा एक, पाणी पडते तिथला एक. फोटोवर तारीख. दुरुस्तीची मागणी करताना दहा अर्जांपेक्षा असे दोन फोटो जास्त बोलतात, हा माझा कचेरीतला अनुभव आहे.

वर येऊन तटावर बसलो. भाकरी सोडल्या. किल्ला मोठा आहे, उपळ्या बुरूज चढून बघण्यासारखा आहे, पण आमची माणसे पाण्यापासून हलेनात. एकाने माहिती काढली की १३ सप्टेंबर १९४८ ला निजामाविरुद्धची पोलीस ॲक्शन सुरू झाली तेव्हा सोलापूरकडून गेलेल्या फौजेने पहिल्याच दिवशी इथला बोरीवरचा पूल शाबूत हाती घेतला होता. त्यावर बराच वेळ चर्चा झाली, कारण रझाकाराच्या गोष्टी सीमेलगतच्या प्रत्येक घरात आहेत. मग खंडोबाचा विषय निघाला. अणदूर आणि नळदुर्ग, देऊळ दोन पण मूर्ती एकच, वर्षातले बहुतेक महिने अणदूरला आणि उरलेले नळदुर्गला. "देवबी पाणी बघून हलत असंल," कोणी म्हणाले आणि हशा झाला.

अण्णा हसले नाहीत. ते धारेकडे बघत होते. मला म्हणाले, "साहेब, रंग बघा." बघितले. दुरून पांढरे वाटणारे पाणी खाली पडून वाहू लागले की काळपट, चहात दूध कमी पडल्यासारखे. वरच्या धरणात बराच गाळ बसूनही एवढा रंग उरलेला. "ही कुणाची माती?" अण्णांनी विचारले आणि स्वतःच म्हणाले, "वरच्यांची. तवा माझी व्हती."

मी तिथेच त्यांना हिशेब करून दाखवला. एका एकरावरून फक्त एक सेंटिमीटर माती गेली तर चाळीस घनमीटर जाते, म्हणजे अंदाजे पन्नास टन. एवढी माती विकत आणून पसरायची म्हटली तर भाड्यातच घर बसेल. ती न जाऊ द्यायचे उपाय जुनेच आहेत. उताराला आडवी पेरणी, बांधबंदिस्ती, बांधावर गवत, ओढ्याकाठी झाडोरा. नदीकाठच्या पट्ट्यात तर ऊन-पावसात कायम उभे राहणारे गवत हवेच. अण्णांनी ऐकून घेतले. "वरच्यांनी बी करायला पायजे," एवढेच बोलले. ते खरे आहे. काठच्या माणसाने कितीही केले तरी माळावरचे रान उघडे असेल तर पाणी माती घेऊनच उतरणार. म्हणून आमच्या खात्यात पाणलोटाचे काम माथ्याकडून पायथ्याकडे करा असे सांगतात. प्रत्यक्षात काम पायथ्याच्या बंधाऱ्यापासून सुरू होते, कारण बंधारा दिसतो आणि त्याचे उद्घाटन करता येते. असो.

दुपारी दोनला ऊन पडले. सगळ्यांनी फोटो काढून झाले होते. अण्णांचा फोटो काढायला कॅमेरा वळवला तर त्यांनी टोपी सरळ केली आणि धबधब्याकडे पाठ न करता बाजूने उभे राहिले, एक डोळा पाण्यावर ठेवल्यासारखे. माझ्या त्या दिवसाच्या सगळ्या फोटोंत तोच बरा आला. पाणी उजेडाने थोडे जळले आहे, पण अण्णांमुळे भिंतीची उंची कळते.

येताना जीपमध्ये कोणी झोपले नाही. चर्चा एकच, कुणाचे रान किती ओले. तांदुळवाडीच्या पुढे एका शेताशी गाडी थांबवायला लावून अण्णा उतरले. बांधावरून दोन पावले आत जाऊन मूठभर माती घेतली, दाबून गोळा केला आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडला. गोळा फुटला नाही, नुसता चपटा झाला. तळहाताला माती चिकटून राहिली ती त्यांनी धोतराला पुसली.

"अजून चार दिस," म्हणाले आणि गाडीत येऊन बसले.